कमरेची पिशवी आणि तिच्यातलं पिस्तूल

मंडळी, आजचा विषय जरा विचित्र आहे.

ऐंशीच्या दशकातला अमेरिकन पर्यटक डोळ्यांपुढे आणा. हाफ पँट, पांढरे मोजे, गळ्यात कॅमेरा आणि पोटावर बांधलेली ती चेनची छोटी पिशवी. तिला तिकडे 'फॅनी पॅक' म्हणतात. (ब्रिटनमध्ये हा शब्द चारचौघांत वापरू नका, तिथे त्याचा अर्थ भलताच होतो. ते लोक 'बम बॅग' म्हणतात.) आपल्याकडच्या जुन्या लोकांचा कमरेचा कसा आठवत असेल तर त्याचाच हा नायलॉनचा अवतार म्हणा ना. पुढे या पिशवीची इतकी टिंगल झाली की 'बावळट' शब्दासाठी चित्र हवं असेल तर हेच चालून जावं.

पण याच काळात अमेरिकेतले काही लोक ही पिशवी अगदी गंभीरपणे वापरत होते. आत पैसे किंवा नकाशा नसे, भरलेलं पिस्तूल असे. या पिशवीच्या निमित्ताने अमेरिकन कायद्याचा इतिहास चाळत गेलो आणि वीकांत कसा संपला ते कळलंच नाही. त्यातलं जे सापडलं ते इथे मांडतो.

सुरुवात जरा लांबून करावी लागेल. आज अमेरिकेत कोणी कमरेला उघडं पिस्तूल लटकवून दुकानात शिरला तर शेजारचा माणूस दचकतो. तेच पिस्तूल शर्टाखाली असेल तर कुणाच्या गावीही नसतं. म्हणजे लपवणं हे सभ्यपणाचं आणि दाखवणं हे दांडगाईचं. एकोणिसाव्या शतकात हे बरोबर उलटं होतं. ज्याच्या मनात पाप नाही तो हत्यार उघड बाळगेल, लपवतो तो मारेकरी, अशी समजूत होती. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्येच लपवून हत्यार बाळगण्यावर बंदी घातली.

केंटकीच्या कायद्याला लगेच आव्हान मिळालं. ज्या माणसावर खटला चालला त्याच्याजवळ काय होतं? काठीत लपवलेली तलवार. म्हणजे चक्क आपली गुप्ती! १८२२ मध्ये तिथल्या न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि कायदाच रद्द ठरवला. राज्याला हे इतकं झोंबलं की १८५० च्या नव्या राज्यघटनेत लपवलेल्या हत्यारांवर बंधन घालण्याचा अधिकार कायदेमंडळाला स्पष्ट शब्दांत देण्यात आला. १८४६ मध्ये जॉर्जियाच्या न्यायालयाने सुवर्णमध्य काढला: लपवण्यावर बंदी चालेल, पण उघड बाळगण्यावर नाही. १८५० मध्ये लुइझियानाच्या न्यायालयाने तर त्याला मर्दानगीचा मुलामा दिला. उघड हत्यार माणसाला उमदेपणाने लढायला लावतं आणि छुपं हत्यार भ्याड खुनाकडे नेतं, असा त्यांचा एकूण सूर.

आणि छुप्या पिस्तुलाची भीती काही उगाच नव्हती. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री फोर्ड्स थिएटरमध्ये बूथने लिंकनवर गोळी झाडली ती तळहातात मावणाऱ्या डेरिंजर पिस्तुलातून. एक बार, एकच गोळी. त्याहून जास्त लागलीच नाही.

पुढे १९११ मध्ये न्यूयॉर्कने सलिव्हन कायदा आणला. अंगावर लपवता येईल एवढं लहान शस्त्र हवं असेल तर परवाना घ्या. विसाव्या शतकात बऱ्याच राज्यांत लपवून पिस्तूल बाळगण्याचा परवाना ही अधिकाऱ्याच्या मर्जीची गोष्ट होऊन बसली. अर्ज करा, कारण सांगा, साहेबांना पटलं तर मिळेल. मग व्हायचं तेच झालं. ओळखीपाळखीवाल्याला परवाना मिळायचा आणि रात्री दुकान बंद करून गल्ला घेऊन घरी जाणारा हात हलवत परत यायचा.

१९८७ मध्ये फ्लोरिडाने या कायद्यातलं क्रियापद बदललं. 'देता येईल' च्या जागी 'द्यावा लागेल'. वय २१ पूर्ण, गंभीर गुन्ह्याची नोंद नाही, प्रशिक्षण झालेलं आहे? मग परवाना नाकारायचा नाही. असा नियम त्याआधीही काही राज्यांत होता, पण फ्लोरिडा मोठं राज्य, त्यामुळे गाजावाजा मोठा झाला आणि पुढच्या दहाएक वर्षांत राज्यांमागून राज्यं त्या वाटेने गेली.

आता फ्लोरिडाच्या उन्हाळ्याची कल्पना करा. आपल्या कोकणासारखीच दमट हवा, अंगात टी-शर्ट आणि हाफ पँट. परवाना मिळाला, पण पिस्तूल ठेवणार कुठे? डिटेक्टिव्ह मंडळी कोटाखाली होल्स्टर लावायची, इथे कोट कोण घालणार? टी-शर्टाखाली ठेवलं तर कापडावर त्याचा आकार उमटतो. या प्रकाराला शौकीन लोक 'प्रिंटिंग' म्हणतात. आणि खिशात मावेल ते पिस्तूल फारच छोटं.

पोटावरची बावळट पिशवी इथे कामाला आली. होल्स्टर बनवणाऱ्या कंपन्यांनी तिच्या खास आवृत्त्या काढल्या. बाहेरून अगदी पर्यटकाची पिशवी, पुढच्या कप्प्यात किल्ल्या आणि सुटे पैसे. मागच्या कप्प्यात आतून शिवलेलं होल्स्टर. कोपऱ्यात एक दोरी, ती खेचली की वेल्क्रो टर्रकन सुटतं, पिशवीचं तोंड उघडतं आणि पिस्तुलाची मूठ हाताशी येते. साध्या वेषातले पोलीसही या पिशव्या वापरत.

काही वर्षं हे छान चाललं. नंतर सगळ्यांना कळलं! फॅशन ओसरली, पर्यटकांनी पिशव्या टाकून दिल्या, आणि मग चाळिशीचा, बारीक केस कापलेला, पोटावर जाडजूड काळी पिशवी बांधलेला गृहस्थ दिसला की ओळखणारे ओळखायचे. बंदूकवाल्यांच्याच वर्तुळात या पिशवीची 'आधी मला गोळी घाला' अशी थट्टा होऊ लागली. लपवण्याची वस्तू इतकी ओळखीची झाली की लपवण्याचा अर्थच उरला नाही.

तरी पिशवीच्या बाजूने एक गोष्ट बोलायलाच हवी: तिच्यात होल्स्टर तरी असायचं. नोव्हेंबर २००८ मध्ये प्लॅक्सिको बरेस हा नावाजलेला फुटबॉलपटू न्यूयॉर्कच्या एका नाइटक्लबात गेला तो इलॅस्टिकच्या ट्रॅक पँटमध्ये पिस्तूल खोचून. ते घसरलं, पकडायला गेला आणि गोळी त्याच्याच मांडीत. त्याचा फ्लोरिडाचा परवाना संपलेला होता, आणि चालू असता तरी न्यूयॉर्कमध्ये उपयोगाचा नव्हता. दोन वर्षांची शिक्षा झाली. एका राज्यात जे हक्काचं, तेच दुसऱ्या राज्यात तुरुंगाचं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. आमच्या जातकुळीच्या, म्हणजे प्रोग्रामर लोकांना हा विशेष आवडावा.

इलिनॉय राज्यात सामान्य माणसाला लपवून पिस्तूल बाळगण्याचा परवाना मिळतच नव्हता. पण कायद्यात अपवाद होते, घरून नेमबाजीच्या मैदानावर बंदूक न्यायची सोय म्हणून. थोडक्यात सांगायचं तर अट अशी: बंदूक सुटे भाग करून निकामी केलेली असावी, किंवा चटकन हाती येणार नाही अशी ठेवलेली असावी, किंवा रिकामी असून केसमध्ये, पेटीत अथवा अन्य आवरणात बंद असावी आणि बाळगणाऱ्याकडे राज्याचं बंदूकधारक ओळखपत्र असावं.

दिसलं का? तिन्ही अटींमध्ये 'किंवा' आहे, 'आणि' नाही! तिसरी अट पाळली की दुसरीची गरजच नाही. म्हणजे बंदूक रिकामी आणि बंद आवरणात असेल तर ती हाताशी असली तरी चालते. आणि चेन लावलेली कमरेची पिशवी हे आवरण नाही तर काय आहे? तेव्हा इलिनॉयमधल्या काही जणांनी रिकामं पिस्तूल एका कप्प्यात, भरलेलं मॅगझिन शेजारच्या कप्प्यात, आणि खिशात ओळखपत्र अशी व्यवस्था केली. कायद्याच्या अक्षराप्रमाणे ही 'वाहतूक'. प्रत्यक्षात मॅगझिन आत सरकवून स्लाइड मागे ओढली की दोन-तीन सेकंदांत भरलेलं पिस्तूल तयार.

अर्थात जोखीम होतीच. रस्त्यावर अडवणाऱ्या पोलिसाला तुमचं व्याकरण पटलं नाही तर बेड्या आधी आणि युक्तिवाद नंतर. २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला तो गाडीच्या दोन सीटांमधल्या झाकणाच्या कप्प्याचा. त्याला 'केस' म्हणायचं का? न्यायालयाने शब्दाचा साधा, रोजचा अर्थ घेतला आणि म्हटलं, हो. गाडीचा कप्पा चालतो म्हटल्यावर पिशवीवाल्यांना बळ आलं असणार, हे उघड आहे.

पण हसून सोडून द्यावी अशी ही गोष्ट नाही. इलिनॉयच्या बंदीला ज्यांनी न्यायालयात खेचलं त्यांत एका छोट्या गावातल्या चर्चची वयस्कर खजिनदार होती. २००९ मध्ये चर्चमध्ये शिरलेल्या माणसाने तिला बेदम मारलं होतं. तिच्याकडे इतर राज्यांचे परवाने होते, फक्त स्वतःच्या राज्यात चालणारा नव्हता. डिसेंबर २०१२ मध्ये न्यायाधीश रिचर्ड पॉझ्नर यांनी निकाल लिहिला. त्यांचा मुद्दा सरळ होता: शिकागोत ३५ व्या मजल्यावरच्या घरापेक्षा बकाल वस्तीतल्या फुटपाथवर हल्ला होण्याची शक्यता जास्त, मग स्वसंरक्षणाचा हक्क घराच्या उंबऱ्यापाशीच कसा थांबेल? ९ जुलै २०१३ ला गव्हर्नरच्या दुरुस्त्या बाजूला सारून इलिनॉयने परवान्याचा कायदा केला, १६ तासांच्या प्रशिक्षणाच्या अटीसह. पन्नास राज्यांतलं ते शेवटचं. पिशवीतली ती 'किंवा'ची कसरत त्या दिवशी निरर्थक झाली.

हे सगळं वाचताना दोन बायकांच्या दोन पर्स माझ्या डोक्यातून जात नाहीत.

पहिली सुझॅना हप हिची. १६ ऑक्टोबर १९९१, टेक्सासमधलं किलीन गाव, ल्यूबीज कॅफेटेरिया. ती आईवडिलांबरोबर जेवत असताना एक माणूस काचेतून ट्रक घुसवून आत आला आणि त्याने गोळीबार सुरू केला. तिचा हात पर्सकडे गेला, आणि मग तिला आठवलं की रिव्हॉल्वर गाडीत आहे. टेक्सासचा कायदा तेव्हा पर्समध्ये पिस्तूल ठेवू देत नव्हता आणि आपल्या व्यवसायाचा परवाना जाईल या भीतीने तिने ते गाडीत ठेवायला सुरुवात केली होती. वडील त्या माणसावर धावून गेले आणि मारले गेले. आई त्यांच्यापाशी थांबली, तीही मारली गेली. एकूण २३ बळी. नंतर हप राज्याराज्यांत जाऊन साक्ष देत राहिली, १९९५ मध्ये टेक्सासने कायदा बदलला आणि १९९६ मध्ये ती स्वतः आमदार म्हणून निवडून आली.

दुसरी पर्स आयडाहो राज्यातली, डिसेंबर २०१४. एक तरुण आई, राज्याचा रीतसर परवाना, पिस्तुलासाठी चेनचा वेगळा कप्पा असलेली खास पर्स. सुपरमार्केटच्या ट्रॉलीत दोन वर्षांचा मुलगा आणि शेजारी ती पर्स. मुलाने चेन उघडली. आई जागीच गेली.

एका पर्समध्ये पिस्तूल नव्हतं म्हणून, दुसरीत होतं म्हणून. बंदुकीच्या बाजूचे लोक पहिली गोष्ट सांगतात, विरोधातले दुसरी, आणि दोन्ही खऱ्या आहेत. पण इतिहास वाचल्यावर मला वाटतं की दोन्ही गोष्टींत मूळ प्रश्न अंतराचा आहे. हप आणि तिचं रिव्हॉल्वर यांच्यात एका पार्किंग लॉटचं अंतर होतं. आयडाहोच्या आईत आणि तिच्या पिस्तुलात फक्त एका हाताचं, पण तेवढ्यात मध्ये एक मूल बसलेलं होतं. त्या दिवशी पिस्तूल पोटावर बांधलेलं असतं तर त्या चिमुकल्या हाताला ते इतकं सहज सापडलं नसतं. कितीही बावळट दिसली तरी कमरेच्या पिशवीचं मोल हेच: ती पिस्तुलाला माणसापासून वेगळं पडू देत नाही. कायदा मात्र दोनशे वर्षं वेगळेच प्रश्न विचारत आला: दिसतं का? झाकलेलं आहे का? भरलेलं आहे का? कोणाच्या हाताला किती जवळ आहे, हा प्रश्न त्याने नीट असा विचारलाच नाही. इलिनॉयने 'चटकन हाती न येणारी' असं म्हणून पाहिलं, आणि पुढे एक 'किंवा' लिहून तेही घालवलं.

२०२२ च्या ब्रुएन निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची शंभर वर्षं जुनी 'सबळ कारण सांगा' ही अट रद्द केली. २०२४ पर्यंत २९ राज्यांत लपवून पिस्तूल बाळगायला परवानाही लागेनासा झाला. ज्या केंटकीने गुप्तीवाल्यावर खटला भरला होता, तीही त्यात आली. परवाना गेला की त्याबरोबर प्रशिक्षणाची सक्तीही जाते. म्हणजे होल्स्टर का हवं, पर्स ट्रॉलीत का ठेवू नये, हे सांगणारा सक्तीचा वर्गही नाही.

मधल्या काळात पिशवीची फॅशन परत आली, फक्त आता पोरं ती कमरेऐवजी छातीवर तिरकी बांधतात. त्यामुळे तिच्यात काय आहे हे ओळखणं पुन्हा अवघड झालंय. मोबाइल असेल, पॉवर बँक असेल. बहुतेक वेळा तेवढंच असतं.

असो. पुढच्या वीकांताला जरा हलका विषय घेऊ :-)