हातातला प्रयोग : निन्टेन्डो वीच्या दुर्लक्षित खेळांची प्रस्तावना

नाटक शिकणाऱ्याला सुरुवातीलाच सांगितले जाते, की संहिता वाचून नाटक पुरते कळत नाही, प्रयोग पाहावा लागतो. व्हिडिओ गेमच्या अभ्यासात ही समज अजून नीट रुजलेली नाही. गेमवर लिहिले जाते ते बहुतेक पडद्यावर काय दिसले याबद्दल असते. चित्र किती रेखीव होते, कथेला किती वळणे होती, शेवटपर्यंत पोहोचायला किती तास लागले. त्या तासांत खेळणाऱ्याचे हात काय करत होते, हे क्वचितच कुणी नोंदवते. एका कन्सोलपुढे मात्र हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. तो कन्सोल म्हणजे निन्टेन्डोचा वी. या क्षेत्रात पाऊल ठेवणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना मी त्याच्या हाती पहिल्यांदा हाच प्रश्न देतो.

वी २००६ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत आणि डिसेंबरमध्ये जपानमध्ये विक्रीला आला. एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ हे त्याचे समकालीन हाय डेफिनिशन चित्र दाखवत होते. वीचे चित्र ४८० ओळींवर थांबले. तरी १० कोटींहून अधिक वी विकले गेले. जपानबाहेर बहुतेक ठिकाणी यंत्रासोबत मिळणाऱ्या ‘वी स्पोर्ट्स’ने दिवाणखान्यात आजोबांना बोलिंग खेळायला लावले, ही गोष्ट आता सर्वांना पाठ आहे. तिच्या सावलीत हजाराहून अधिक खेळ होते. त्यांतले कितीतरी घाईने उरकलेले होते, हे मान्य केले पाहिजे. बटण दाबायचे तिथे रिमोट हलवायला लावला की झाला वीचा खेळ, असा हिशेब अनेक प्रकाशकांनी केला. इंग्रजी समीक्षेने त्या हलवण्याला ‘वॅगल’ हे कुत्सित नाव दिले आणि वीच्या सगळ्या खेळांवर एकच शिक्का मारला. त्या शिक्क्याखाली जे खरे काम दबले, ते इथे आपल्याला पाहायचे आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. रिमोटला दोन इंद्रिये आहेत. पहिले त्वरणमापक, मोटारीच्या एअरबॅगला धक्क्याची खबर देणारा जो मापक असतो, त्याच कुळातले. ते हाताचा झटका मोजते, आणि हात स्थिर असेल तर गुरुत्वाकर्षणाच्या ओढीवरून रिमोट किती कलला आहे हे ओळखते. दुसरे इंद्रिय म्हणजे रिमोटच्या टोकाशी बसवलेला अवरक्त कॅमेरा. टीव्हीवर ठेवायच्या पट्टीला ‘सेन्सर बार’ म्हणतात खरे, पण तिच्यात एकही सेन्सर नाही. तिच्या दोन टोकांना अवरक्त दिवे आहेत, आणि ते पाहणारा डोळा खेळणाऱ्याच्या मुठीत आहे. म्हणूनच पट्टी बिघडली तर दोन पेटत्या मेणबत्त्या अंतर राखून ठेवल्या तरी काम भागते. निन्टेन्डोचे जुने अभिकल्पक गुनपेई योकोई यांचा आग्रह असे, की स्वस्त आणि मुरलेले तंत्र घ्यावे आणि त्याचा कुणाला न सुचलेला वापर करावा. ते १९९७ मध्ये वारले. वीचा रिमोट त्यांच्या विचाराचेच फळ आहे.

या दोन इंद्रियांत एक उणीव होती. रिमोटचा रोख पडद्यावरून सुटला आणि मनगट नुसते डावी-उजवीकडे वळले, तर यंत्राला पत्ता लागत नसे. २००९ मध्ये मोशनप्लस या जोडणीतून जायरोस्कोप आला आणि ती फट बुजली. तोवरच्या खेळांना हाताच्या हालचालीचा अंदाज बांधावा लागे. अंदाज बांधणाऱ्या यंत्राकडून अर्थ काढून घ्यायचा तर रचनाकाराला हालचाल फार विचारपूर्वक निवडावी लागते. दुर्लक्षित खेळांतले उत्तम खेळ या अडचणीतूनच घडले, असे माझे मत आहे.

कॅपकॉमचा २००७ चा ‘झॅक अँड विकी’ घ्या. झॅक हा चाचेगिरीची स्वप्ने पाहणारा पोरगा, आणि विकी हे त्याच्याबरोबर उडणारे माकड. विकीची घंटा होते. रिमोट घंटेसारखा हलवला, की समोरच्या प्राण्याचे हत्यार बनते. गोमेची करवत होते. मग तुम्ही रिमोट आडवा धरून झाड कापता, पुढे-मागे, एका लयीत. पुढच्या कोड्यात तोच रिमोट किल्ली होतो आणि मनगटात पिळला जातो. कोपऱ्यात एक लहानसे चित्र रिमोट कसा धरायचा ते दाखवते. ते चित्र पाहताच हाताला कल्पना येते, आणि पुष्कळदा डोक्याच्या आधी. नेमक्या उत्तराला जास्त गुण मिळतात. त्या गुणांचे नावच ‘हिरामेकी’ या जपानी शब्दावरून घेतलेले आहे. हिरामेकी म्हणजे डोक्यात लख्ख चमकून जाणारी कल्पना. चुकलात तर झॅक मरतो आणि कोडे पुन्हा पहिल्यापासून, ही शिक्षा मला जरा कठोर वाटते. पण हाताने विचार करायला लावणारा इतका नेटका खेळ त्या यंत्रावर दुसरा नाही. समीक्षकांनी त्याला वाखाणले, आणि तो फारसा विकला गेला नाही.

‘सायलेंट हिल : शॅटर्ड मेमरीज’ (२००९) हा तर आमच्या अभ्यासासाठी जणू प्रयोगशाळेत बनवलेला नमुना आहे. बर्फाने गोठलेल्या गावात एक बाप आपल्या मुलीला शोधतो. रिमोट हीच त्याची विजेरी. जिकडे मनगट, तिकडे उजेड. फोन वाजला की आवाज टीव्हीतून येत नाही, रिमोटमधल्या छोट्या स्पीकरमधून येतो, आणि हात आपोआप कानाशी जातो. हाच खेळ प्लेस्टेशन २ वर आणि पीएसपीवरही निघाला. कथा तीच, मानसोपचारतज्ज्ञाचे प्रश्न तेच, उत्तरांप्रमाणे बदलत जाणारे गावही तेच. फक्त हात वेगळे. वीची आवृत्ती आणि त्यांतली एक पाठोपाठ खेळून पाहा. एका संहितेचे दोन प्रयोग म्हणजे काय, हे समजायला दुसरा पुरावा लागणार नाही.

इथे मराठीत लिहिण्याचा मला एक मोठा लाभ दिसतो. ‘वॅगल’ या एका शब्दावर भागवणाऱ्या समीक्षेला जे सांगता आले नाही, ते सांगायला आपल्याकडे घरातली आणि शेतातली क्रियापदे आहेत. हिसडणे, पेलणे, पाखडणे, घुसळणे, थोपटणे, भिरकावणे, पिळणे, कलते धरणे. प्रत्येकात हाताचा वेगळा जोर आणि वेगळी गती आहे. ‘बूम ब्लॉक्स’ (२००८) चित्रपट दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या चमूसोबत घडवला. त्यात रचलेल्या ठोकळ्यांवर चेंडू भिरकावायचा असतो. लगोरी खेळलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही, नेम आणि जोर यांचे गणित त्याच्या खांद्यात असते. प्रोप या कंपनीच्या ‘लेट्स टॅप’मध्ये रिमोट हातात धरायचाच नाही. तो पुठ्ठ्याच्या खोक्यावर पालथा ठेवायचा आणि खोके बोटांनी थोपटायचे. शाळेच्या बाकावर ठेका धरण्याची सवय इथे उपयोगी पडते. हळू थोपटले तर पळणारा माणूस धावतो, जोरात थाप दिली तर उडी मारतो. एका प्रकारात तर ठोकळ्यांचा मनोरा ढळू नये म्हणून बोट नुसते टेकवावे लागते. हालचालीच्या कन्सोलवरचा सर्वांत सूक्ष्म स्पर्शाचा खेळ रिमोट खाली ठेवून खेळायचा आहे, हे माझ्या मते फार मोलाचे निरीक्षण आहे.

‘लॉस्टविंड्स’मध्ये दोन हातांत दोन पात्रे वाटलेली आहेत. डाव्या हातातल्या नन्चक या रिमोटच्या जोडीच्या नियंत्रकाने टोकू नावाचा मुलगा चालतो. उजव्या हातातला रिमोट म्हणजे वाऱ्याचा आत्मा. मुलाला स्वतःला नीट उडीही मारता येत नाही. तुम्ही झुळूक ओढली तरच तो वर जातो. एक हात दुसऱ्याला सांभाळतो. एवढ्याशा कल्पनेतून जी माया उभी राहते, ती पडद्यावरच्या संवादांनी साधली नसती. ‘डेडली क्रीचर्स’ (२००९) वेगळ्याच टोकाचा आहे. तिथे तुम्ही वाळवंटातला विंचू होता, आणि टॅरँट्युला जातीचा कोळीही. डोक्यावर दोन माणसे गाडलेल्या सोन्यासाठी भांडत असतात. त्यांना आवाज डेनिस हॉपर आणि बिली बॉब थॉर्न्टन यांनी दिला आहे. माणसांची कथा जमिनीखालून, अर्धवट, पायांच्या उंचीवरून ऐकू येते. हालचाली ओळखण्यात तो खेळ कधी कधी चुकतो, तरी दृष्टिकोनाचा असा धीट वापर वीवर फार थोड्यांनी केला.

आणि मग ज्यांनी हालचालीला नकार दिला ते. ‘मुरामासा : द डीमन ब्लेड’ ही हाताने रंगवलेली जपानी चित्रकथा आणि ‘लिटल किंग्ज स्टोरी’ हा छोट्या राजाचा खेळ, दोन्ही २००९ मध्ये अमेरिकेत आले, दोन्ही बटणांवर चालतात. त्यांना या क्षेत्राबाहेर ठेवावे, असे कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही. हालचाल सर्वत्र अपेक्षित असताना ती न वापरणे हाही रचनेचा निर्णय आहे, आणि मौनाची नोंद संवादाइतकीच घ्यायला हवी.

या विषयावर आधी काम झालेले आहे. येस्पर यूल यांच्या २०१० च्या पुस्तकाने वीमुळे खेळाकडे वळलेल्या नव्या वर्गाचा विचार केला. स्टीव्हन जोन्स आणि जॉर्ज थिरुवतुकल यांचे ‘कोडनेम रेव्होल्यूशन’ (२०१२) यंत्राची बारकाईने उकल करते. दोन्ही जरूर वाचावीत. एकेका दुर्लक्षित खेळाजवळ थांबून त्याची हालचाल वाचण्याचे काम मात्र अजून मोकळे आहे, आणि त्याला वेळ थोडा आहे. वीची ऑनलाइन सेवा २० मे २०१४ ला थांबली. वी शॉप चॅनल ३० जानेवारी २०१९ ला बंद झाले. केवळ तिथेच विकले गेलेले खेळ त्या दिवसापासून विकत मिळेनासे झाले. अमेरिकेच्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये जाहीर केले, की तिथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आता बाजारात उपलब्ध नाहीत. डॉल्फिन हा एम्युलेटर चकतीतली माहिती संगणकावर चालवतो, आणि त्याच्या स्वयंसेवकांचे आपल्यावर ऋण आहे. पण माउसने करवत चालवलीत तर ‘झॅक अँड विकी’ची फक्त संहिता वाचल्यासारखे होईल. खरा रिमोट ब्लूटूथने संगणकाला जोडता येतो. तेवढे कष्ट घ्यावेत. आणि खेळाची नोंद करताना दोन कॅमेरे ठेवावेत, एक पडद्यावर, एक हातांवर.

यंत्र मिळवताना थोडी काळजी घ्या. वीच्या चकत्या प्रदेशानुसार बांधलेल्या असतात. जपानी चकती अमेरिकन वीवर चालत नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पूर्वी आणलेला वी घराच्या माळ्यावर सापडला, तर त्याचा अडॅप्टर १२० व्होल्टचा आहे हे विसरू नका. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला तो थेट लावला तर जळेल. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मध्ये घाला. जुने सेल आत राहून गळले असतील, तर रिमोटमधल्या सेलच्या खोबणीतली धातूची टोके आधी पुसून घ्या.

रिमोटला दोन पेन्सिल सेल लागतात. ते घाला, पट्टा मनगटात अडकवा, आणि पुढची पाने वाचण्याआधी यांतला कोणताही एक खेळ तासभर खेळून या.