सव्वीस जुलैच्या दुसऱ्या दिवशी

२६ जुलै २००५ म्हटलं की मुंबईकराला पाऊस आठवतो. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. कोण कुठे अडकलं, कोण किती चालून घरी पोचलं, याच्या गोष्टी अजूनही सांगितल्या जातात. दुसऱ्या दिवशी शहर चिखल उपसत होतं, तेव्हा किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हाय नॉर्थ हा तेल-वायूचा सातमजली प्लॅटफॉर्म पेटला आणि दोनेक तासांत समुद्रात कोसळला. पुराच्या बातम्यांत ही बातमी दबूनच गेली.

निमित्त एका आचाऱ्याच्या बोटांचं. ‘समुद्र सुरक्षा’ या पाणबुड्यांच्या जहाजावर काम करताना त्याची बोटं कापली. हवा खराब, हेलिकॉप्टर येणं अशक्य. म्हणून क्रेनच्या टोपलीतून त्याला प्लॅटफॉर्मवर चढवायचं ठरलं. आडोशाच्या बाजूची क्रेन बंद होती, तेव्हा जहाज वाऱ्याच्या तोंडावरच्या बाजूने जवळ आणलं. त्याला जागेवर धरणारे थ्रस्टरही नीट चालत नव्हते. आचारी वर पोचला, पण लाटांनी उचललेलं जहाज राइझरवर, म्हणजे गॅसच्या उभ्या पाइपवर आदळलं. या पाइपांना संरक्षक कठडे होते, पण ते बेतलेले होते लहान पुरवठा-जहाजांच्या मापाने.

प्लॅटफॉर्म, त्याला खेटून उभी असलेली ‘नोबल चार्ली येस्टर’ ही रिग आणि जहाज मिळून ३८४ माणसं होती. ओएनजीसीचे कर्मचारी, शिपिंग कॉर्पोरेशनच्या जहाजावरचे खलाशी, पाणबुडे, अमेरिकी कंपनीच्या रिगवरचे कामगार. आठ लाइफबोटींपैकी दोनच पाण्यात उतरल्या, दहा तराफ्यांपैकी एकच. तरीही ३६२ जण वाचले, बावीस गेले. सहा पाणबुडे तर जळत्या जहाजावर दाबाच्या बंद कोठडीत होते. शरीर हळूहळू साध्या दाबाला आणल्याशिवाय त्यांना दार उघडून पळताही येत नव्हतं. सुमारे ३६ तासांनी त्यांची सुटका झाली. जहाज १ ऑगस्टला बुडालं.

माणसांची अशी सरमिसळ मुंबई हाय या तेलक्षेत्राला नवी नव्हती. साठच्या दशकात खंभातच्या आखाताचं सर्वेक्षण करताना ही जागा हेरली ती ‘अकादेमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजावरच्या रशियन-भारतीय पथकाने. फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागलं ते जपानमध्ये बांधलेल्या ‘सागर सम्राट’ रिगवर. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं, आणि पाण्यावर एक वस्तीच उभी राहिली. तिथे मल्याळी, बंगाली, पंजाबी, बिहारी, मराठी अशी सगळी माणसं, आणि कामाची भाषा बहुधा हिंदी, मध्ये मध्ये इंग्रजी. अशा ठिकाणी सुरक्षिततेला शब्दांवर फार विसंबून चालत नाही. म्हणून भोंग्यांचे ठरलेले सूर, जमायची ठरलेली जागा, आणि परमिट: धोक्याचं काम असेल तर सहीच्या कागदाशिवाय पान्याला हात लावायचा नाही.

पण एक भाषा असली की सगळं सुरळीत होतं, असंही नाही. उत्तर समुद्रातल्या ‘पायपर अल्फा’वर माणसं बहुतेक ब्रिटिश, भाषा इंग्रजीच. ६ जुलै १९८८ च्या रात्री एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढलेला होता. ही गोष्ट पुढच्या पाळीपर्यंत पोचली नाही, पंप सुरू झाला आणि १६७ जण गेले. मायबोली एकच असूनही निरोप पाळी बदलताना हरवला.

नियमांचं म्हणाल तर, भारतात तेल उद्योग सुरक्षा संचालनालय १९८६ मध्ये स्थापन झालं होतं. समुद्रातल्या कामांसाठी वेगळे सुरक्षा नियम मात्र आले २००८ मध्ये, म्हणजे मुंबई हायवर तेल लागून चौतीस वर्षांनी. उशीर म्हणावा तर फारच.

आणि नियम आल्यावरही मे २०२१ उजाडला. तौक्ते वादळाचे इशारे आधीपासून होते, तरी पी-३०५ हा कामगारांच्या मुक्कामाचा बार्ज २६१ माणसांसह तेलक्षेत्राजवळच राहिला. नांगर तुटले, बार्ज वाहत गेला आणि १७ मेला बुडाला. नौदलाच्या ‘कोची’, ‘कोलकाता’ या नौकांनी आणि इतरांनी १८६ जणांना उचललं. ‘वरप्रदा’ या टगवरचे तेरापैकी अकरा जण गेले. दोन्ही मिळून मृत्यू ८६. त्यांतले बरेच कंत्राटी कामगार होते, वेगवेगळ्या राज्यांतून आलेले वेल्डर, फिटर. इथे भाषेचा प्रश्न कुठेच नव्हता. वादळ येतंय हे हिंदीत, इंग्रजीत, मल्याळममध्ये, कुठल्याही भाषेत कळत होतं. बार्ज हलवायचा की नाही, हे ठरवणारे वेगळे होते आणि त्यावर झोपणारे वेगळे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये गोव्यात बेतुलला ओएनजीसीचं सागरी बचाव प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. हेलिकॉप्टर पाण्यात कोसळलं तर बाहेर कसं पडायचं, हे तिथे शिकवतात. वर्षाला १० ते १५ हजार माणसं शिकतील असं तेव्हा सांगितलं गेलं. त्यांत कायम नोकरीवाले किती आणि बार्जवरचे रोजंदार किती असतील, यावर पी-३०५ सारख्या रात्री बरंच काही ठरेल.