जागतिक लष्करी फुटबॉल स्पर्धा

निरनिराळ्या देशांच्या सैन्यदलांतील पुरुष संघांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा. दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांत रंगलेल्या सामन्यांत हिचे मूळ आहे. बेल्जियम, डेन्मार्क, फ्रान्स, लक्झेंबर्ग व नेदरलँड्स यांनी १९४८ मध्ये नीस येथे स्थापन केलेली आंतरराष्ट्रीय लष्करी क्रीडा परिषद ती भरवते. १९९५ च्या रोम येथील पहिल्या जागतिक लष्करी क्रीडा महोत्सवापासून फुटबॉल त्यातही खेळला जातो. २००७ चा महोत्सव हैदराबादला झाला.

सक्तीच्या लष्करी सेवेच्या काळात नामांकित व्यावसायिक खेळाडूही गणवेशात असत. त्यामुळे काही संघ नावापुरतेच ‘शिपायांचे’ होते. सेंत-एतिएन क्लबचा अल्जीरियन वंशाचा आघाडीपटू रशीद मखलूफी १९५७ मध्ये ब्वेनोस आयरिस येथे फ्रेंच लष्करी संघाकडून विश्वविजेता ठरला. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९५८ मध्ये, विश्वचषक तोंडावर असताना तो फ्रान्समधून निसटला आणि अल्जीरियाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीच्या संघाला ट्युनिसमध्ये जाऊन मिळाला. सेवेत असल्याने त्याच्यावर पळपुटेपणाचा ठपका येणे अटळ होते. स्पर्धेच्या इतिहासातील हा प्रसंग कोणत्याही अंतिम सामन्याहून मोठा म्हणावा लागेल. स्वतंत्र अल्जीरियाच्या लष्करी संघाने २०११ मध्ये रिओ दि जानेरोत विजेतेपद पटकावले. २०१५ मध्ये दक्षिण कोरियात ते पुन्हा मिळवले.