पोपटाचा पिंजरा

बाणभट्टाच्या ‘कादंबरी’च्या अगदीं आरंभीं एक पिंजरा येतो. विदिशेचा राजा शूद्रक सभेंत बसला असतां एक मातंगकन्या त्याच्या दर्शनास येते. तिच्यामागून एक पोरगा पिंजरा घेऊन येत असतो. पिंजरा सोन्याच्या काड्यांचा आहे, परंतु आंतल्या पोपटाच्या हिरव्या कांतीमुळें तो पाचूचाच घडविला असावा असें पाहणाऱ्यास वाटतें. तो पोपट उजवा पाय उचलून राजाचा जयजयकार करतो, एक आर्या म्हणून दाखवितो, आणि पुढची बहुतेक कथा त्याच्याच मुखानें ऐकावयास मिळते. मराठींत दीर्घ कल्पित कथेला ‘कादंबरी’ हें नांव पडलें तें याच ग्रंथावरून. तेव्हां मराठी वाचकाच्या हातांतील प्रत्येक कादंबरीचें पिंजऱ्यांतल्या एका पोपटाशीं दूरचें नातें आहे, असें म्हटल्यास तें फारसें वावगें होणार नाहीं.

बाणानें पोपटाच्या रंगाचें वर्णन केलें, पिंजऱ्याच्या सोन्याचें केलें. पण तो पिंजरा केवढा होता आणि त्यांत पोपटाला पंख पसरतां येत होते काय, हें कांहीं सांगितलें नाहीं. त्याबद्दल कवीस दोष देण्याचें कारण नाहीं. फार मोठ्या काळपर्यंत पिंजरा निवडणारा माणूस आपल्या डोळ्यांना विचारून तो निवडीत आला. ज्याला त्यांत जन्म काढावयाचा, त्याच्या अंगाचें माप घेऊन पिंजरा निवडण्याची चाल पुष्कळ अलीकडची आहे.

पोपट पाळण्याची हौस मात्र आपल्याकडे फार जुनी. वात्स्यायनाच्या कामसूत्रांत चौसष्ट कलांची यादी आहे, तींत पोपट आणि साळुंक्या यांना बोलावयास शिकविणें ही एक कला गणली आहे. सुखवस्तु नागरकानें भोजनानंतरचा कांहीं वेळ या उद्योगांत घालवावा असें तेथें सांगितलें आहे. त्याच नागरकाच्या शयनगृहाचें वर्णन करतांना करमणुकीच्या पाखरांचे पिंजरे खोलीबाहेर असावेत अशी व्यवस्था आहे. ज्यानें पोपटाच्या शेजारीं झोंपून पहाट काढली असेल, त्याला या व्यवस्थेंतलें शहाणपण निराळें समजावून सांगावयास नको.

संस्कृत नाटकांतूनही हा पिंजरा डोकावतो. ‘मृच्छकटिकां’त वसंतसेनेच्या वाड्याचा सातवा चौक पाखरांचा आहे. तेथला पिंजऱ्यांतला पोपट पाहून विदूषकाला दहीभातानें तृप्त होऊन सूक्त म्हणत बसलेल्या ब्राह्मणाची आठवण होते. विदूषक स्वतः ब्राह्मणच असल्यामुळें त्याच्या उपमेचा कोणास राग येत नाहीं. हर्षाच्या ‘रत्नावली’त तर सगळें कथानक पिंजऱ्याच्या दारावर फिरतें. तबेल्यांतून सुटलेलें एक माकड दहीभाताच्या लोभानें येतें आणि सारिकेच्या पिंजऱ्याचें दार उघडून टाकतें. सारिका उडून जाते, आणि सागरिकेनें सखीजवळ एकांतांत बोललेलें सारें गुपित राजाच्या कानावर घालते. माकडाला उघडतां येईल असें दार पिंजऱ्याला असूं नये, एवढा तरी धडा त्यांतून घेण्यासारखा होता.

हिंदुस्थानाबाहेर या पाखराची कीर्ति आधींच पोंचलेली होती. इराणी दरबारांत असलेल्या क्टेसियस नांवाच्या ग्रीक वैद्यानें इ. स. पूर्वी ४०० च्या सुमारास हिंदुस्थानाविषयीं एक ग्रंथ लिहिला. त्यांत माणसासारखें बोलणाऱ्या एका पक्ष्याची हकीगत आहे. तो आपल्या देशाची भाषा बोलतो, आणि ग्रीक शिकविल्यास ग्रीकही बोलतो, असें तो लिहितो. पुढें इ. स. पूर्वी ३२६ मध्यें सिकंदर पंजाबांत आला. त्याचा आरमारप्रमुख निआर्कस यानें पोपट ही मोठी नवलाची गोष्ट म्हणून नमूद केली. सुमारें साडेचारशें वर्षांनीं त्याच लेखाच्या आधारें लिहिणारा आरियन मात्र हें वर्णन गाळून टाकतो. आपण स्वतः पुष्कळ पोपट पाहिले आहेत व ते सर्वांच्या परिचयाचे आहेत, असें कारण तो देतो. मधल्या काळांत काय घडलें होतें तें यावरून ध्यानांत येतें. इ. स. पूर्वी तिसऱ्या शतकांतच अलेक्झांड्रिया शहरीं दुसऱ्या टॉलेमीनें जी प्रचंड मिरवणूक काढली, तींत मोरांबरोबर पोपटही पिंजऱ्यांत घालून मिरविले होते. रोमन साम्राज्यांत तर पोपट श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत जाऊन बसला.

प्लिनीनें इ. स. च्या पहिल्या शतकांत त्याचें केलेलें वर्णन आपल्या राघूस तंतोतंत लागू पडतें: हिंदुस्थानांतून येणारा, सर्वांगीं हिरवा, फक्त गळ्याभोंवतीं तांबडें कडें. त्याचें डोकें चोंचीइतकेंच टणक असल्यामुळें बोलावयास शिकवितांना त्यास लोखंडी कांबीनें मारावें लागतें, असेंही तो निर्विकारपणें सांगतो. छडीवांचून विद्या नाहीं हा समज केवळ माणसांच्या शाळेपुरता नव्हता.

याच शतकांतला कवि स्टेशियस यानें मेलिओर नांवाच्या आपल्या धनिक मित्राच्या पोपटावर शोककाव्य रचलें आहे. त्यांत पिंजऱ्याचें वर्णन आहे: कासवाच्या पाठीचें तांबूस झळकणारें छत, हस्तिदंतांत बसविलेल्या चांदीच्या काड्या, आणि पोपटाच्या चोंचीनें वाजणारें दार. हा पोपट आदल्या रात्रीं मध्यरात्र उलटेपर्यंत मेजवानींत पाहुण्यांमध्यें हिंडत होता आणि दुसऱ्या दिवशीं मेला. मेजावरचें त्यानें काय खाल्लें, किती प्यालें, याची चौकशी कवीनें केलेली नाहीं. चांदी आणि हस्तिदंत यांचा हिशेब मात्र चोख ठेवला आहे.

महाराष्ट्रांतल्या घरांत चांदीचा पिंजरा क्वचितच. तेथें ओसरीवरच्या आढ्याला किंवा माजघराच्या दाराशीं लोखंडी तारेचा नाहीं तर पितळेचा गोल पिंजरा टांगलेला असे. वर घुमट, घुमटाला कडें, मध्यें एक दांडी, आणि दोन वाट्या. एकींत पाणी, दुसरींत भिजलेली हरभऱ्याची डाळ. अधूनमधून पेरूची फोड किंवा हिरवी मिरची. आल्यागेल्यास ‘विठू, विठू’ ऐकावयास मिळे. एखाद्या घरचा राघू शिव्याही देई, आणि त्या त्याला कोणीं शिकविल्या असें विचारल्यास घरांतलें कोणीच पुढें येत नसे.

हा घुमटाचा पिंजरा दिसावयास देखणा आणि टांगावयास सोयीचा. पण राघूच्या दृष्टीनें पाहिल्यास त्यांत दोष पुष्कळ. राघू चोंचीपासून शेपटीच्या टोंकापर्यंत सुमारें १६ इंच लांब असतो आणि त्यांतली निम्मी लांबी शेपटीचीच असते. अरुंद पिंजऱ्यांत तो वळला कीं शेपटी गजांना घांसते व तुटते. पाखरूं उडतें तें आडवें उडतें. नुसत्या उंच पिंजऱ्याचा त्याला उडण्यास उपयोग नाहीं. शिवाय राघू चोंचीचा तिसऱ्या पायासारखा उपयोग करून चढतो. त्याला आडवे गज हवेत. घुमटाचे गज उभे असतात आणि माथ्याशीं एकमेकांजवळ येत जातात. त्या निमुळत्या फटींत पायाचें बोट किंवा पंख अडकला कीं घाबरलेलें पाखरूं स्वतःलाच इजा करून घेतें.

धातूची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यांत ताक ठेवलें तर तें कळकतें, हें आपल्याकडच्या प्रत्येक गृहिणीस ठाऊक होतें. कल्हईवाल्याची हांक ऐकतांच भांडीं बाहेर काढणाऱ्या त्याच घरांत राघू मात्र पितळेच्या गजांवर दिवसभर चोंच चालवीत बसे. पितळ म्हणजे तांबें आणि जस्त. जस्त पोटांत जात राहिलें तर पोपटजातीच्या पाखरांना विषबाधा होते, हें आतां पशुवैद्यांनीं सिद्ध केलें आहे. जस्ताचा मुलामा दिलेल्या नव्या तारेच्या जाळीनेंही हीच बाधा होते. शिशाचा रंग किंवा शिशाचा डाग असेल तर विचारावयासच नको. ताकाविषयीं जें ज्ञान स्वयंपाकघरांत होतें, तें ओसरीपर्यंत कांहीं आलें नाहीं.

शिवाय पिंजऱ्याचा लहानपणा हा राघूवरचा पहिला अन्याय नव्हताच. राघू झाडाच्या ढोलींत अंडीं घालतो. पारधी व पाखरें विकणारे पिसें फुटण्याच्या आधींच पिल्लें ढोलींतून काढीत, टोपल्यांत दाटीवाटीनें भरीत आणि बाजारांत आणीत. बाजारापर्यंत न पोंचलेल्या पिल्लांचा हिशेब कोणी ठेवीत नसे. पिंजऱ्यांत राघू नीट सांभाळल्यास वीस-पंचवीस वर्षेंही जगतो. पण त्याची वीण घरांत व्हावी अशी गरज कोणास वाटत नव्हती, कारण एक गेला कीं दुसरा बाजारांत स्वस्त मिळे. पिंजरा सुधारला नाहीं याचें खरें कारण येथें आहे. जी वस्तु थोडक्या पैशांत पुन्हां मिळते, तिच्या घराची काळजी माणूस करीत नाहीं.

ही स्थिति पालटली ती एका परक्या पाखरामुळें. जॉन गुल्ड हा इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ १८३८ सालीं ऑस्ट्रेलियास गेला आणि १८४० मध्यें परततांना त्यानें तेथले कांहीं चिमुकले हिरवे-पिवळे पोपट जिवंत आणले. त्यांचें नांव बजरीगार. लांबी सुमारें सात इंच, वजन जेमतेम तीन तोळे. आपल्याकडे बाजारांत यांनाच ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेंतले असून ते निराळे, परंतु दुकानदाराशीं या बाबतींत वाद घालण्यांत अर्थ नाहीं. बजरीगाराचा विशेष असा कीं तो पिंजऱ्यांत सहज अंडीं घालतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांत त्याची पैदास घरोघर होऊं लागली. पिवळा, मग निळा, असे नवे रंग निघाले. इंग्लंडांत १९२५ सालीं या पाखराच्या पाळकांनीं आपली एक स्वतंत्र संस्थाच काढली.

ज्याला अंडीं आणि पिल्लें हवीं, त्याला पाखराच्या प्रकृतीकडे पाहणें भाग पडतें. त्या काळच्या इंग्रजी दिवाणखान्यांत मनोऱ्यांच्या, वाड्यांच्या, चिनी देवळांच्या आकाराचे पिंजरे मिरवत होते. पैदास करणाऱ्यांनीं ते बाजूस ठेवले आणि तीन बाजूंनीं फळ्या व समोर तारा अशी साधी, लांबट पेटी पसंत केली. दिसावयास ती लाकडी खोक्यासारखीच. पण तींत पाखरूं एका दांडीवरून दुसरीवर उडूं शकतें आणि तिन्ही बाजू झांकलेल्या असल्यामुळें निर्धास्त बसतें. हा बदल दयेनें झाला असें म्हणतां येत नाहीं, पैदाशीच्या लोभानेंच झाला. परंतु पाखराच्या सुखाचें माप त्यामुळें प्रथम फुटपट्टीवर आलें.

तें कायद्यांत उतरावयास आणखी कांहीं काळ लागला. इंग्लंडच्या १९५४ च्या पक्षिसंरक्षण कायद्यानें कोंबड्या-बदकांसारखीं पाखरें वगळून, पंख मोकळेपणीं पसरतां येणार नाहींत अशा लहान पिंजऱ्यांत पक्षी ठेवणें हा गुन्हा ठरविला. आपल्याकडे १९६० च्या प्राणिक्रूरताप्रतिबंधक कायद्यांत उंची, लांबी व रुंदी या तिन्ही मापांचा उल्लेख आला. त्यानंतर १९७२ चा वन्यजीवसंरक्षण कायदा झाला, आणि १९९१ पासून देशी पाखरांचा व्यापार सर्वस्वीं बंद झाला. तेव्हां राघूला कोणता पिंजरा योग्य, या प्रश्नास भारतांत एकच उत्तर उरलें आहे: कोणताच नाहीं. राघू, करण, लालडोक्या पोपट, हे घरांत कोंडणें हा गुन्हा आहे. आजीच्या घरीं होता म्हणून नातवानें आणावा, ही सबब चालत नाहीं; तरी अजून कित्येक घरांत तो दिसतो आणि शेजारीपाजारी कौतुकानें मिरची घेऊन येतात.

बजरीगार हा देशी पक्षी नव्हे आणि तो पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यांतच जन्मत आला आहे. त्याची मुभा आहे, आणि त्याच्यासाठीं पिंजरा निवडण्याचा प्रश्न खरा आहे. एका जोडीला ३० इंच लांब, १८ इंच रुंद व १८ इंच उंच याहून लहान पिंजरा घेऊं नये. अधिक लांब मिळाल्यास उत्तम. दोन गजांमधलें अंतर अर्ध्या इंचाहून अधिक नसावें, नाहीं तर डोकें अडकतें. निदान दोन बाजूंचे गज आडवे असावेत. गंज न चढणारें पोलाद सर्वांत चांगलें. पिंजऱ्याबरोबर येणाऱ्या गुळगुळीत, एकाच जाडीच्या दांड्यांवर सतत बसून पायांना फोड येतात; त्यांऐवजीं पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या कमीअधिक जाडीच्या डहाळ्या धुऊन बसवाव्या. पिंजरा माणसांच्या वावरांत, भिंतीलगत, वाऱ्याच्या झोतापासून दूर ठेवावा. स्वयंपाकघरांत कधींही ठेवूं नये, कारण आंचेवर फार तापलेल्या नॉनस्टिक तव्याच्या वाफेनें पाखरें कांहीं मिनिटांत मरतात.

राहिलें दार. पुष्कळ पिंजऱ्यांना वर सरकणारें दार असतें, आणि तें चोंचीनें उचलण्याची युक्ति बजरीगाराला लवकरच साधते. आपल्या शहरांत बाहेर पडलेला हा चिमुकला परदेशी बहुधा संध्याकाळपर्यंत कावळ्यांच्या तडाख्यांतून वांचत नाहीं. दार बाजूला उघडणारें असावें, त्याला बाहेरून आंकडा असावा, आणि पिंजरा घरीं आणण्यापूर्वीं तो आंकडा दुकानांतच दहा वेळां लावून-काढून पाहावा.