दोन राज्ये, एक रस्ता

परदेशी जाऊन आलेले गृहस्थ भेटले म्हणजे तिकडच्या रहदारीचे वर्णन हटकून करतात. अमेरिकेत गाडी उजव्या बाजूने चालते, चालक डाव्या अंगाला बसतो, हे ऐकून आपण नवल करतो. तथापि लातूर-नांदेडच्या श्रोत्यांना दोन राज्यांच्या रस्त्यांतला फरक पाहण्यासाठी समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. आपल्या आजोबांच्या काळी बार्शीहून लातुरास येणारा मनुष्य एका राज्यातून दुसऱ्या राज्यात येत असे. बार्शी सोलापूर जिल्ह्यातली, म्हणजे मुंबई इलाख्यातली, इंग्रजांच्या अमलाखालची; लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातले, निजामाच्या मुलुखातले. नांदेडहून उत्तरेस निघाले की पैनगंगेपलीकडे वऱ्हाड लागे. ते नावाने निजामाचेच, परंतु १९०२ च्या कराराने कायमच्या पट्ट्याने इंग्रजांच्या कारभारात गेलेले.

गाडी कोणत्या बाजूने हाकावी याविषयी मात्र या दोन राज्यांत तंटा नव्हता. दोहोंकडे डावी बाजूच होती. लातूरच्या गंज गोलाईत उभे राहून पाहावे. १९१७ साली, निजामी अमलात, बांधलेल्या या बाजारचौकात सोळा रस्ते येऊन मिळतात आणि मधोमध जगदंबेचे देऊळ आहे. डावी धरून वळसा घालणारी गाडी देवीला उजव्या हाताला ठेवते. म्हणजे मोंढ्यात माल उतरवायला निघालेल्या चालकाला न मागता प्रदक्षिणा घडते. उजवीकडून गाडी चालवणाऱ्या देशात हीच गोलाई असती, तर सगळी रहदारी उलटी फिरली असती!

बाजू बहुधा शेजाऱ्याकडे पाहून ठरते, हे गोव्याच्या उदाहरणावरून दिसते. पोर्तुगालने १९२८ साली आपल्या देशातली रहदारी डावीकडून उजवीकडे नेली. गोवा त्या वेळी पोर्तुगीजांचा, पण त्याच्या वेशीबाहेर सगळीकडे डावी बाजू. म्हणून लिस्बनचा नियम पणजीला लागला नाही, आणि १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा तेथल्या चालकांना हात पालटावा लागला नाही. पाकिस्तान व अफगाणिस्तान यांच्यामध्ये तोरखमच्या नाक्यावर मात्र गाड्यांना आजही बाजू बदलावी लागते. आपल्याकडे ते संकट नव्हते. आपले संकट नाक्यावर सुरू होई.

निजामाच्या मुलुखात मालावर करोडगिरी होती, तीही येणाऱ्या व जाणाऱ्या दोन्ही मालांवर. शेकडा पाचाच्या आसपासचा हा कर वसूल करायचा म्हणजे गाठोडी सोडणे आले, आणि गाठोडी सोडणे म्हणजे गाडी उभी राहणे आले. त्यानंतर नाणे. इकडे हाली रुपया, तिकडे कलदार. सात हालींचे सहा कलदार हा दर. पस्तीस हाली हातात पडणाऱ्या माणसाने बार्शीच्या पेठेत पाऊल टाकले की त्याचे तीस झाले! सरकारी दफ्तर इकडे उर्दूत, आणि कागदावरची तारीखही निराळी. कारण संस्थानात फसली सन चाले. इंग्रजी १९४८ चा सप्टेंबर म्हणजे इकडे फसली १३५७. रस्ता एकच, मुरमाचा आणि धुळीचा, पण तेवढ्यात नाणे, भाषा आणि वर्ष ही तिन्ही बदलत.

आमच्या दृष्टीने याहून मोठा फरक गाडी कोणाची यात होता. मुंबई इलाख्यात प्रवासी मोटारी बहुतेक खाजगी मालकांच्या होत्या. टपावर माणसे बसवावीत, गाडी भरल्याशिवाय हलवू नये, हीच तेथली वहिवाट. निजामाच्या राज्यात मात्र सरकारने १९३० साली रेल्वे कंपनीकडून विकत घेतली आणि १९३२ च्या जूनमध्ये त्याच रेल्वे खात्याची मोटारशाखा काढली. आरंभी गाड्या २७ आणि नोकर १६६. देशातल्या अगदी पहिल्या सरकारी प्रवासी सेवांपैकी ही एक. निजामाच्या आईचे नाव जहरा बेगम. त्यांच्या नावाचे आद्याक्षर म्हणून या गाड्यांच्या नंबरात इंग्रजी झेड आले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, नांदेडच्या स्थानकात तेलंगणाची गाडी आली की नंबरात झेड अजून दिसते. मुंबई सरकारची पहिली एस.टी. पुणे-नगर रस्त्यावर धावली ती १ जून १९४८ रोजी, म्हणजे सोळा वर्षांनी. ज्या संस्थानाला आपण मागासलेले म्हणतो, ते या एका बाबतीत पुढे होते, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे.

आता दुसरी बाजू. इंग्रजी मुलुखात १९३९ साली मोटार कायदा झाला. त्याचे ६५ वे कलम आम्ही कामगारांच्या सभांतून इतके वाचून दाखवले आहे की ते पाठच झाले. मालवाहू किंवा प्रवासी गाडीच्या चालकाने पाच तास गाडी चालवली की निदान अर्धा तास विश्रांती मिळालीच पाहिजे. चोवीस तासांत नऊ तासांहून अधिक आणि आठवड्यात चोपन्न तासांहून अधिक त्याच्याकडून गाडी चालवून घेऊ नये. खाजगी मालक हे कितपत पाळीत, ते सांगण्याची गरज नाही; पण निदान बोट ठेवण्यास कागद होता. हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानाचा असल्यामुळे निजामाच्या हद्दीत त्याचे बळ नव्हते. बार्शीच्या चालकाला कागदावर मिळालेला अर्धा तास लातूरच्या चालकाला त्या कलमाने मिळत नव्हता. एकीकडे सरकारी गाडी, पण ते कलम नाही. दुसरीकडे कलम आहे, पण गाडी सावकाराची. यांपैकी कोणाचा चालक अधिक सुखी होता, याचा निवाडा सोपा नाही.

ही हद्द मोडली तीही रस्त्यावरच. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी फौजा सोलापूरकडून निघाल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल धड अवस्थेत ताब्यात घेतला. तो पूल उडाला असता तर हैदराबादचा रस्ता अडला असता. १७ तारखेला संस्थान शरण आले. कायदे मात्र फौजेच्या वेगाने जात नसतात. १९३९ चा मोटार कायदा हैदराबाद राज्यास लागू झाला तो १ एप्रिल १९५१ पासून.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ आला. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. आपल्या भाषेच्या राज्यात आलो म्हणून आनंद झाला, तो खराच होता. बार्शी-लातूर रस्ता घरातला झाला. परंतु त्याच दिवशी हद्द उठून दुसऱ्या दारात जाऊन बसली! देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कले आंध्राकडे गेली. मुधोळ तालुक्यातले भैंसाही गेले. नांदेडहून भैंशाला जाणारी गाडी काल जिल्ह्यातल्या जिल्ह्यात जात होती, ती आज परराज्यात जाऊ लागली. १९३९ च्याच कायद्याचे ६३ वे कलम सांगे की एका ठिकाणचा परवाना दुसरीकडच्या अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी असल्याशिवाय तेथे चालणार नाही. बार्शीच्या बाजूचा त्रास गेला आणि देगलूरच्या बाजूला नवा कागद आला. हैदराबादेत माहेर असलेल्या नांदेडच्या सुनांनी त्या वर्षी काय म्हटले असेल, याची नोंद कोणत्याही अहवालात सापडायची नाही.

गाड्यांचीही वाटणी झाली. मराठवाड्याची सेवा काही वर्षे निराळी चालून १९६१ साली महाराष्ट्राच्या एस.टी. महामंडळात मिळाली. त्याच वर्षी संसदेने मोटार वाहतूक कामगारांचा कायदा केला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, आणि कामाचा सगळा पसारा बारा तासांच्या आत. बार्शी आणि लातूर, उमरखेड आणि नांदेड, सगळीकडच्या चालकांना एकच घड्याळ मिळाले. निजामाच्या काळी नोकरीस लागलेल्या जुन्या चालकांना हे पाहायला मिळाले, ही लहान गोष्ट नव्हे.

पण त्या कायद्यात कामाचा वेळ कशाला म्हणावे याची व्याख्या होती, आणि आमची सारी भांडणे तिच्यापाशी झाली. गाडी चालू असतानाचा वेळ काम. गाडीची इतर कामे करण्याचा वेळही काम. परंतु शेवटच्या स्थानकावर नुसते हजर राहण्याचा वेळ पंधरा मिनिटांच्या आत असेल तरच काम. म्हणजे देगलूरच्या स्थानकात गाडी दोन वाजता लागली आणि दोन वाजून दहा मिनिटांनी सुटली, तर ती दहा मिनिटे मजुरीत धरली जात. दोन वाजून वीस मिनिटांनी सुटली, तर चालक त्याच उन्हात त्याच गाडीशेजारी उभा असूनही ती वीस मिनिटे त्याची स्वतःची ठरत. वेळापत्रके तयार करणाऱ्या बाबूंना हे पंधरा मिनिटांचे गणित फार लवकर समजले. चालकांना ते समजावून सांगण्यात आमची बरीच वर्षे गेली.