जिद्द की संधी? सतीश गुजराल यांचा इतिहास नीट वाचा

अपंग कलावंताची गोष्ट आपल्याकडे एकाच साच्यात सांगितली जाते : त्याने अपंगत्वावर मात केली, जिद्दीने नाव कमावले. या साच्यावर आमचा आक्षेप आहे. जिद्द खरी असते. पण संधी कुठून आली, हे त्यात झाकले जाते.

चित्रकार सतीश गुजराल १९२५ साली झेलमला जन्मले. आठव्या वर्षी त्यांची श्रवणशक्ती गेली. अनेक शाळांनी प्रवेश नाकारला. १९३९ मध्ये लाहोरच्या मेयो कलाशाळेचे दार उघडले. १९४४ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले. आजारपणामुळे १९४७ मध्ये ते शिक्षण सुटले. १९५२ मध्ये शिष्यवृत्तीवर मेक्सिकोला गेले आणि दिएगो रिवेरासारख्या भित्तिचित्रकारांच्या सहवासात शिकले. फाळणीची चित्रे, भित्तिचित्रे, दिल्लीतील बेल्जियम दूतावासाची इमारत, १९९९ चा पद्मविभूषण हा पुढचा प्रवास. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले.

हे कर्तृत्व मोठेच आहे. पण वडील वकील होते, घर शिकलेले होते, थोरले भाऊ इंद्रकुमार पुढे पंतप्रधान झाले. शाळांनी नाकारलेल्या मुलामागे घर उभे राहू शकले.

हेच बहिरेपण जुन्नर-आंबेगावच्या एखाद्या भूमिहीन बौद्ध किंवा आदिवासी घरातल्या मुलीच्या वाट्याला आले तर? तिला खुणांची भाषा कोण शिकवणार? एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला कोण बसवणार? रंग-कागदाचा खर्च कोण करणार? अपंगत्व तिला एकदा अडवते. जात आणि गरिबी रोज अडवतात.

जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतले शिलालेख धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेले दान नोंदवतात. डोंगर कोरणाऱ्या हातांमागे समाज उभा होता. कला एकट्याच्या जिद्दीवर उभी राहत नाही, हे आपल्याच डोंगरात कोरलेले आहे.

आज ही जबाबदारी दानावर सोडायची गरज नाही. संविधानाचे कलम ४१ शिक्षणाचा हक्क आणि अपंगत्वात मदत यांसाठी राज्याला निर्देश देते. २०१६ च्या कायद्याने किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण आणि शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा दिल्या आहेत.

तेव्हा तरुण मित्रांनो, जयंतीच्या वर्गणीचा हिशोब ठेवता तसाच आपल्या वस्तीतल्या अपंग मुलांचाही ठेवा. प्रमाणपत्र कुणाकडे नाही, शाळा कुणाची सुटली, चित्र कोण काढते? त्यांना दया नको, हक्क हवा.

जय भीम!