नालाकृती खेकडा : परिस्थितिकीय महत्त्व व संवर्धन

संधिपाद संघातील, घोड्याच्या नालेसारखे कवच व लांब काटेरी शेपूट असलेला सागरी प्राणी. खेकडा म्हटला जात असला, तरी तो कोळी व विंचू यांना अधिक जवळचा असून त्याच्या गटाचे जीवाश्म सु. ४४.५ कोटी वर्षांइतके जुने आहेत. हयात चार जातींपैकी लिम्युलस पॉलिफिमस ही उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर, तर उरलेल्या तीन आशियात आढळतात. त्यांतील दोन ओडिशा व पश्चिम बंगालच्या किनाऱ्यांवर आहेत.

अमेरिकेतील डेलावेअर उपसागरात या प्राण्याचे परिस्थितिकीय महत्त्व ठळकपणे दिसते. मे-जूनमध्ये पौर्णिमा व अमावस्येच्या उधाणाला माद्या किनाऱ्यावर येऊन ओल्या वाळूत खळगे करतात, प्रत्येक खळग्यात सु. ४,००० हिरवट अंडी घालतात आणि पाठीला धरून आलेले नर ती फलित करतात. लाटांमुळे व नंतर येणाऱ्या माद्यांच्या उकरण्यामुळे उघडी पडलेली अंडी हे रेड नॉट या स्थलांतरी किनारपक्ष्याचे मुख्य अन्न असते. दक्षिण अमेरिकेहून आलेला हा पक्षी त्यांवर अल्पावधीत आपले वजन जवळजवळ दुप्पट करून आर्क्टिक प्रदेशातील वीणस्थळांकडे जातो.

ईल मासे व शंखवर्गीय प्राणी पकडण्यासाठी आमिष म्हणून झालेली बेसुमार पकड आणि किनाऱ्यांची धूप यांमुळे या प्राण्याला धोका निर्माण झाला. त्याच्या निळ्या रक्तातील पेशी जीवाणूंच्या अंतर्विषाच्या (जीवाणूंच्या पेशीभित्तिकेतील विषारी द्रव्याच्या) संपर्कात येताच रक्त गोठते. शास्त्रज्ञ फ्रेडरिक बँग यांनी १९५६ मध्ये नोंदविलेल्या या गुणधर्मावर लसी व सलाईन यांची शुद्धता तपासणारी चाचणी आधारलेली आहे. मात्र या चाचणीसाठी रक्त काढून समुद्रात परत सोडलेल्या प्राण्यांपैकी काही दगावतात.

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील राज्यांनी १९९८ मध्ये पकडीचा व्यवस्थापन आराखडा स्वीकारला, तर न्यू जर्सी राज्याने २००८ मध्ये आमिषासाठीच्या पकडीवर बंदी घातली. आययूसीएनच्या (आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या) यादीत २०१६ पासून अमेरिकी जाती ‘असुरक्षित’ आहे. सिंगापूरमध्ये जनुकीय तंत्राने घडविलेला रीकाँबिनंट फॅक्टर सी हा घटक रक्ताविना तीच चाचणी करू शकतो आणि २०२१ पासून युरोपीय औषधसंहितेत त्यावर आधारित चाचणीचा समावेश आहे. हा प्राणी प्रजननक्षम होण्यास सु. दहा वर्षे लागत असल्याने घटलेली संख्या भरून येण्यास दशके जातात. म्हणूनच पकडीवरील मर्यादा, वालुकामय किनाऱ्यांचे रक्षण आणि पर्यायी चाचणीचा प्रसार ही तिन्ही कामे एकाच वेळी व दीर्घकाळ चालू ठेवणे अगत्याचे आहे.